पेन्सिलचा ठसा

लकडगंजात, आरागिरणीच्या मागच्या अंगाला
सागाच्या ओंडक्यांआड ती उभी होती,
म्हणजे बसलेलीच,
चारी टायर मातीला टेकलेले.
निनाद खोरगडेनं ती तीन लाखांत घेतली
आणि मला फोन केला:
"काका, तुम्ही आरटीओत होते ना,
हिचं खरं नावगाव तेवढं काढून द्या."

बत्तीस वर्षं हेच तर केलं.
चेसिसवर कागद ठेवायचा,
वरून शिसपेन्सिल आडवी घासायची,
आकडे हळूहळू वर येतात
गालावर वळ उमटावेत तसे.
माणूस खोटं बोलेल, लोखंड बोलत नाही,
असं नव्या पोरांना सांगायचो
चहा ओतता ओतता.

मे महिना. जब्बार मिस्त्री
घासलेटचा बोळा घेऊन खाली सरकले.
आरसीवर लिहिलंय: काळा रंग, सन सत्तेचाळीस.
नखानं खरवडलं तर काळ्याखाली मोतिया,
मोतियाखाली पुटीचा तांबडा,
आणि बिजागरीच्या आत, जिथं ऊन कधी पोचलंच नाही,
तिथं एवढासा शेवाळी.

"दाराची चौकट पाहा न साहेब,
विलायती लाकूड नाही हे, साग आहे.
आपल्याच इथल्या कोण्या सुताराचा हात."
इंजिन अँबेसेडरचं. दिवे जीपचे.
हॉर्न कुठला ते हॉर्नलाच ठाऊक.
"मग ओरिजिनल काय राहिलं?" निनादचा चेहरा पडला.
जब्बारभाईंनी डाव्या टायरवर थाप मारली:
"हा आतून झिजला. ही डावीकडे ओढते.
नवे टायर टाका, तेही असेच झिजतील.
ही खोड मात्र हिची स्वतःची."

नंबर बॅटरीच्या पाटाखाली सापडला.
मी गुडघ्यांवर बसलो
(त्यातला डावा मागच्या दिवाळीत बदललेला,
माझ्याही ओरिजिनलचं फारसं विचारू नका).
कागद ठेवला. पेन्सिल आडवी.
चार. शून्य. सात. एक. मग इंग्रजी आठ.
आठाचं पोट जरा जास्तच गोल.
पुन्हा घासलं.
आत एक तीन बसला होता,
छिन्नीनं दोन्ही तोंडं बंद केलेला.

जुन्या रेकॉर्डरूममध्ये ओळखीनं शिरलो.
सी.पी. अँड बेरारचं रजिस्टर,
कडा वाळवीनं कातरलेल्या.
तीनवाली: सन छत्तीस, शेवाळी,
मालक मिस एस्थर गायधने, सुईण, राहणार सदर.
शेरा: कामठी रस्त्यावर अपघात. गाडी मोडीत.
पानाच्या कडेला कुणीतरी, कशाला कोण जाणे,
लिहून ठेवलं होतं: बाई सुखरूप.

आठवालीची फाइल वेगळ्या कपाटात.
सत्तेचाळीस, काळी, मालक बदलत बदलत
थेट अठ्ठ्याहत्तरपर्यंत आलेली.
तिथं एक शिक्का:
"चेसिस क्रमांक प्रत्यक्ष तपासला. बरोबर."
खाली सही.
शेवटच्या अक्षराचं शेपूट लांब ओढलेलं.
तेव्हा मी तसंच ओढायचो.

पैसे घेतले नव्हते, एवढं पक्कं आठवतं.
गाडीपर्यंत गेलो नव्हतो, हेही आठवतं.
बाहेर ऊन रणरणत होतं,
कूलरमध्ये कुणीतरी नुकतंच पाणी ओतलं होतं,
आणि कागद टेबलावर आयता आला होता,
ठसा छान घासलेला,
कुठल्यातरी दुसऱ्याच लोखंडाचा.

निनादचा फोन दोनदा वाजून गेला.
तिसऱ्या दिवशी लकडगंजात गेलो.
जब्बारभाई पत्र्याला पॉलिशपेपर मारत होते.
"रंग कोणता मारू साहेब?"
"शेवाळी."
"आरसीवर काळा आहे न पण?"
"त्या आरसीवर," मी म्हणालो, "सही माझी आहे. आणि ती..."

तेवढ्यात आरा सुरू झाला.
भुशाचा पिवळा लोट आमच्या अंगावर आला.
निनाद हातानंच विचारत होता: काय? काय?
मी बोलत राहिलो.