दहा नंबरचा पडदा

रात्री सव्वाअकरा. बिश्केकवर कोळशाचा धूर
इतका खाली उतरलाय की समोरच्या इमारतीचे
दिवे तेवढे शिल्लक आहेत, इमारत नाही.
मी चौथ्या मजल्यावर, पायाशी हीटर.
आणि तिकडे, नारिनच्याही पलीकडे,
हिमनदीच्या कडेला अर्धं गाडलेल्या खोलीतलं यंत्र
माझी किल्ली ओळखतं, आत घेतं,
विचारलं तेवढं लिहून सांगतं.
खिडकी मागितली की मात्र
एकच ओळ:
पडदा उघडता येत नाही.

लांबच्या माणसाची खुशाली कळावी
पण तो किती वाळलाय ते कळू नये, तसं.

बर्फाची जाडी दाखवणारा प्रोग्रॅम
रफाईल झिन्नुरोविचांचा, एकोणीस वर्षांपूर्वीचा.
त्यात आकडे बाहेर काढायची सोयच ठेवली नाही त्यांनी.
आकड्याशी माणूस वाद घालतो, म्हणायचे, रेषेशी नाही.
बटणं सगळी तातार भाषेत,
आणि बंद करायच्या बटणावर लिहिलंय: झोप आता.
ते स्वतः गेले तिसऱ्या वर्षी.
उद्या नऊला मंत्रालयात ती रेष दाखवायची आहे.

आधी स्वतःवर संशय घ्यायचा.
मोठा एक्स देत होते, मोठा वाय देऊन पाहिला,
म्हणजे भरवसा जास्त, चौकशी कमी.
तेच.
यंत्राला विचारलं, तुझा पडदा कुठला?
रिकामी ओळ आली.
हो नाही, नाही नाही, नुसती जागा सोडलेली.

मग सेटिंगची फाइल. तिथे मीच परवा
परवानगीपुढे ‘हो’ लिहून ठेवलं होतं;
ओळीच्या सुरुवातीची जाळी काढायची राहिली.
म्हणजे यंत्राच्या लेखी ते ‘हो’
मनातल्या मनात.
जाळी पुसली. दरवानाला झोपवून पुन्हा उठवला
(तो उठलाच नाही तर वर जायला दोन दिवस, घोड्यासकट)
उठला.
आता पडदा कुठला? दहा नंबरचा, म्हणालं.
मी खुर्चीत सरळ बसले.

आणि त्याच दमात:
खुणेच्या फाइलीत लिहिता येत नाही,
बदल दुर्लक्षित केले जातील.

फाइल केंद्राच्या खात्यातली, मालक मात्र दुसराच.
मालक: मूळ. सर्वाधिकारी. ज्याला कुणी अडवत नाही तो.
मी सॅटेलाइट फोन लावला.
सागिन बैके, तुम्ही मालक होऊन काही उघडलं होतं?

खरखर. मग खोकला.
ऑगस्टमध्ये, म्हणाला. तुमची ती रेष बघायची होती.
साधेपणाने उघडेना, म्हणून मालक झालो एकदा.
माझा बाप या बर्फाच्या कडेने मेंढ्या न्यायचा.
काही बिघडलं का गं?

नाही, म्हटलं.
जिथे खूण ठेवायची त्या डबीला
तुमचं कुलूप राहिलं, एवढंच.

फाइल पुसून टाकली. बाहेर पडले, परत आत गेले.
नवी खूण तयार झाली, बत्तीस अक्षरांची,
कुणालाही पाठ न होणारी.
थेट रेष मागवायचा धीर झाला नाही, आधी डोळे मागवले.
तो एक जुना रिकामटेकडा प्रोग्रॅम: दोन गोल डोळे,
माउस जाईल तिकडे बघतात, बाकी काही करत नाहीत.

आले.
माझ्या पडद्यावर, डोंगरावरून,
जरासे उशिरा वळणारे.
मी माउस डावीकडे नेला, उजवीकडे नेला,
उगाचच खाली नेला.

मग रेष. तुकड्यातुकड्याने,
कुणी पायऱ्या मोजत उतरावं तशी.
गेल्या वर्षीची फिकट निळी होती, तिच्या खाली गेली,
त्याच्याही आधीची होती, तिच्याही खाली.

फोन चालूच होता.
दिसतंय का? त्याने विचारलं.
दिसतंय, बैके.
थोडा वेळ काहीच आलं नाही,
तो उशीर लाइनचा असेल.
मग म्हणाला, मलाही.
बाहेर चांदणं पडलंय.