तांत्रिक अडचण

इतिवृत्ताच्या वहीत मी एवढंच लिहिलं:
'तांत्रिक अडचण. चाळीस मिनिटं.'
जागा तेवढीच होती, शिवाय तळाशी सही करायची होती.
बाकीचं इथे लिहिते.

चिलोएच्या या टोकाच्या बेटावर बोट दिवसातून दोनदा येते.
सकाळच्या बोटीतून इंजिनिअर उतरला,
इतुर्रियागा नावाचा, पायात नवे कोरे गमबूट
आणि बॅगेत आमची खाडी.
चौतीस स्लाइड्स आहेत, म्हणाला, वीस मिनिटांत आटपू.

प्रोजेक्टर शाळेचा. त्यानं तांबडा दिवा मिचकावला
आणि गप्प झाला.
इंजिनिअरनं बटण दाबलं. परत दाबलं.
मग एकेक पुरुष उठला
आणि प्रत्येकानं तेच बटण दाबून पाहिलं.
नोलबेर्तोनं तर होडीच्या इंजिनाला मारतो तशी थाप मारली.

एदुविना चिगुआइला खुर्चीतून उठायला वेळ लागतो.
"तापलाय तो," ती म्हणाली, "श्वास कोंडलाय त्याचा."
कुशीचं झाकण काढून तिनं जाळी बाहेर ओढली:
शेगडीची काजळी, लोकरीचे तंतू,
तीन हिवाळ्यांचं करडं घोंगडं.
दारात जाऊन झटकली,
उरलेलं वाऱ्यानं केलं.

मग रिमोट चालेना.
सेल बदलले तरी नाही
(एर्सिराच्या रेडिओतले, परत द्यायच्या बोलीवर).
एदुविनानं माझा फोन मागितला
आणि रिमोटचं नाक कॅमेऱ्यासमोर धरलं.
बटण दाबलं की फोनमध्ये जांभळा ठिपका उमटायचा,
नुसत्या डोळ्यांना काहीच नाही.
"हा धडधाकट आहे," ती म्हणाली, "मध्ये कुणीतरी उभं आहे."
इंजिनिअर उभा होता.
तो बाजूला झाला.

भिंतीवर आधी नुसतं निळं.
सगळ्यांची तोंडं बुडून वर आल्यासारखी.
सिग्नल नाही, यंत्र म्हणालं. 'सोर्स' दाबत दाबत
तिनं नेमकी वायर गाठली,
आणि आली की आमची खाडी!
वर निमुळती, खाली पसरट, अंगावर सांडल्यासारखी.
पोरं हसली.
कीस्टोन नावाचं बटण असतं. ते ती दाबत राहिली,
दोन्ही काठ सरळ उभे राहीपर्यंत.
आता ज्याला त्याला आपापला धक्का दिसत होता
आणि पाण्यावर लाल चौकोन. मोजले मी. अकरा.

"पुढे जाऊ," इंजिनिअर म्हणाला.
त्यानं लॅपटॉपची कळ दाबली. भिंत हलली नाही.
त्याच्या पुढ्यात सरकत होते
हसरे कामगार, पगाराचे आकडे, चंदेरी मासे;
भिंतीवर खाडी.
मी वही घेऊन एदुविनाच्या शेजारीच बसले होते.
रिमोटवर फ्रीझ म्हणून एक बटण आहे.
शालीखाली तिचा अंगठा नुकताच त्यावरून उठला होता.
"जुनं यंत्र," ती म्हणाली, "अडतं कधीकधी."

मग तिनं झूम दाबला.
कोपऱ्यातली मुंगीएवढी ओळ
मुठीएवढी झाली:
या क्षेत्रात होड्यांना मज्जाव, पंचवीस वर्षे.

कुणी ओरडलं नाही.
नोलबेर्तो भिंतीपाशी गेला, खाडीवर त्याची सावली पडली.
घरापासून शिंपल्यांच्या खडकापर्यंत
त्यानं बोटानं रेघ ओढली.
ती तीन चौकोनांतून गेली.
"मी कुठून जाऊ?" त्यानं विचारलं.
ते एकोणतिसाव्या स्लाइडमध्ये येतं, इंजिनिअर म्हणाला.

त्यानंतर पंख्याची घरघर तेवढी.
चारची बोट शेवटची असते. तो गेला.

सेल एर्सिराला परत दिले, तिला बातम्या ऐकायच्या होत्या.
रिमोट कपाटात गेला, किल्ली एदुविनाच्या खिशात.
वहीत आणखी एक रकाना असतो:
'अडचण दूर झाली का?'
तो मी कोरा ठेवला.