दहावं नाव

मस्टरच्या पानावर वीस ओळी छापलेल्या असतात.
मूर्तिजापूर रोडवरच्या आमच्या दालमिलमध्ये नऊ भरतात.
उरलेल्या अकरा मी दर महिन्याला
पट्टी लावून, तिरपी रेघ मारून बंद करतो,
लाल शाईनं,
म्हणजे मागाहून कोणी काही घुसवू नये.

कायदा दहापासून लागतो.
शेठजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
चहा बशीत ओतत,
जसं लहान पोराला सांगावं
की विहिरीच्या त्या अंगाला जायचं नाही.

पंचफुला खंडारे दहावी आहे.
चाळणीखाली तिची जागा. तुरीचं फोलपट तिथं इतकं उडतं
की चार वाजेस्तोवर तिच्या पापण्या पिवळ्या होतात
आणि ती त्या पदराच्या टोकानं पुसते,
रोज त्याच टोकानं.
तिची मजुरी माझ्या वहीत किरकोळ खर्चात निघते:
सुतळी दोनशे चाळीस.
चहा-साखर एकशे पाच.
प. खं. तीनशे.
पोत्यांचा दाभण साठ.

खोकला तिला दिवाळीपासून आहे.
आधी फक्त शनिवारी यायचा,
शुक्रवारच्या बाजाराची सुटी संपली की,
जणू छाती एका दिवसात धूळ विसरून जायची.
आता वार पाहत नाही.

"बाबू, तेलमिलवाल्या बाईले कारड भेटलं म्हनते, फोटोवालं.
बाळंतपन फुकट झालं तिचं.
आपलं कवा येते?"
मी म्हणालो, येईल.
येईल हा शब्द कुठल्याच रकान्यात लिहावा लागत नाही.

खरं म्हणजे तिचं एक नाव लिहिलं
तर कार्डं दहा निघतात.
डिगांबर हमालाची पाठ,
रोलरवाल्या युसूफभाईचं अर्धं बोट,
बेबीताईची रक्त कमी असलेली लेक,
माझी स्वतःची साखर.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

भिंतीवर तो कागद अजून आहे, करोनातला:
आजारी असाल तर घरीच राहा.
त्याच्या खाली प्रथमोपचार पेटी.
तिच्यात आयोडीनची सुकलेली बाटली, कात्री,
आणि शेठजींच्या उदबत्त्या, ओल लागू नये म्हणून.

मागच्या बुधवारी तपासणीचे साहेब आले.
जीप वळणावर ऐकू आली तशी
पंचफुला पोत्यांच्या थप्पीआड जाऊन बसली.
तिला सवय आहे, डबा घेऊनच जाते.
साहेबांनी ओळी मोजल्या. नऊ.
रेघेवरून बोट फिरवलं, म्हणाले,
अक्षर छान आहे तुमचं.

तेवढ्यात थप्पीआडून आला.
कोरडा, लांबलचक,
मध्ये श्वासाला जागा न ठेवणारा.
साहेबांनी मान वर केली
आणि मी खोकलो.
इतका खोकलो की डोळ्यांत पाणी आलं,
शेठजींनी आपल्या गडव्यातलं पाणी दिलं मला, पहिल्यांदाच.
"दाखवून घ्या हो कुठं तरी," साहेब म्हणाले,
आणि मनापासून म्हणाले.

जीप गेल्यावर ती बाहेर आली, हसत होती.
"माह्यापेक्षा तुयाच खोकला चांगला हाय, बाबू."

आज एक तारीख. नवं पान.
पट्टी काढली, लाल पेन काढलं, ठेवून दिलं.
दहाव्या ओळीत तिचं नाव लिहिलं.
पेन्सिलीनं.
पेन्सिलीनं का, ते विचारू नका.
आडनाव, वय, कामाचं स्वरूप.
मग रकाना येतो: रुजू झाल्याची तारीख.

चाळणीपाशी गेलो. मशीनच्या घरघरीत
दोनदा विचारावं लागलं.
तिनं हातातलं सूप थांबवलं, थोडा विचार केला.
"माही मोठी पोट्टी पायन्यात होती तवा."

पोरगी यंदा बारावीला आहे.
रकाना बोटाच्या पेराएवढा.
बाहेर फाटकाशी शेठजींची गाडी बंद झाल्याचं ऐकू आलं,
आणि मी अजून
साल मोजतोय.