वीरायीची सही

बॅनरसाठी फोटो पाठवा, समितीच्या बायका म्हणाल्या.
मी पत्र्याची पेटी पालथी केली:
रेशनची वही, हॅटनच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या,
एका कानातला डूल.
वीरायी कुठेच नाही.

आमच्या मळ्यात फोटो ओळखपत्रापुरता काढत,
आणि ओळखपत्राला आधी देश लागतो.
तिला तो मिळाला साठी उलटल्यावर.
याच बेटावर जन्मली,
कागदावर तोवर परकी.
ते कार्डही सुनेनं तिच्यासोबत मातीत ठेवलं.
म्हणाली, वर कुणी विचारलं तर?

म्हणून तोंडी सांगते. तुम्ही रंगवून घ्या.

कपाळावर टोपलीच्या पट्ट्याचा घट्टा.
दात विड्यानं लाल.
आवाज फाटका, हाक मारली की
समोरच्या डोंगरावरची कुत्री उठायची.
उजवा अंगठा गुळगुळीत,
ओढ्यातल्या गोट्यासारखा.

त्या अंगठ्याचंच सांगायचं आहे.

पगाराचं टेबल कारखान्याच्या ओसरीत मांडत.
पानं खुडायला बायका, रांगेत उभे नवरे.
बायकोच्या नावापुढे नवऱ्याचा अंगठा,
आणि पैसे वळणावरच्या गुत्त्यापर्यंत
जेमतेम पोचत.
पानं खुडणारीच्या तोंडाला
महिन्याच्या महिन्याला पानंच पुसलेली.

ज्या साली रेशनला पीठ आलं नाही
त्या साली वीरायी स्वतः रांगेत उभी राहिली.
कारकुनानं विचारलं, सिन्नय्या मेला की काय?
नाही, झोपलाय. पानं मी खुडली.
त्यानं शाईची गादी पुढे सरकवली.
वहीवर उमटला नुसता जांभळा डाग,
एक रेघ नाही.
तीस वर्षांत चहानं सगळ्या पिऊन टाकल्या होत्या.
हा तर कुणाचाही असेल, तो हसला.
अख्खी ओसरी हसली.
माझा बाप हसला.

त्या संध्याकाळी ती पाळणाघरात आली,
जिथे माझी आई मळ्याची पोरं सांभाळायची.
मी सात वर्षांची.
माझ्यापुढची पाटी ओढून म्हणाली,
माझं नाव काढ.

मी काढलं. सतरा रात्री तिच्याकडून काढून घेतलं.
चुकली की पट्टीनं बोटांवर मारलं,
आमचे मास्तर मारत तसं, जरा जास्तच.
पहिल्या अक्षराच्या डोक्यावरची वेलांटी जमेना.
मग म्हणाली, ही तर कंगाणीच्या छत्रीची मूठ,
आणि जमली.

पुढच्या पगाराला तिनं सही केली,
इतकी सावकाश, की कारकुनाची विडी विझली.
मागे अकरा बायका.

सगळं सुरळीत झालं असं नाही.
सिन्नय्या वर्षभर बोलला नाही,
बोलला तेव्हा पैसेच मागितले.
तराजू आजही टोपलीमागे दोन किलो खातो.
युनियनच्या कचेरीत सात पुरुषांचे फोटो आहेत,
हार घातलेले, बायकांच्या हक्काचे शिल्पकार.
डावीकडून तिसरा माझा बाप.
आणि स्वतःच्या पोरीला तिनं पाचवीतून काढलं,
टोपली दिली.
हे भाषणात कुणी बोलणार नाही,
पण मी त्या पोरीच्या शेजारी बसायचे.

काल त्या पोरीच्या पोरीचा फोन आला, काटुनायकेहून.
कपड्यांच्या कारखान्यात दारावर नवं यंत्र बसवलंय,
त्याला तिचा अंगठा दिसत नाही.
ब्लीचनं रेघा गेल्या.
रखवालदार म्हणतो, अंगठा नाही तर हजेरी नाही,
हजेरी नाही तर पगार नाही.
काय करू, टीचर?

मी विचारलं,
तुझ्यामागे रांगेत किती जणी अडकल्यात?

पलीकडे गलका, बसचा भोंगा,
कुणीतरी कुणाला तरी ढकलत होतं.
थांबा, म्हणाली.
मोजते.