दोन बोटं उतार

एक कागद म्हणतो, भिंतीवरचा प्रत्येक खवला अलेर्सेच्या लाकडाचाच हवा.
दुसरा म्हणतो, अलेर्सेला कुऱ्हाड लावाल तर तुरुंग.
दोन्हींवर एकाच सरकारचा शिक्का
आणि मध्ये मी,
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

सत्तावीस वर्षं मी फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं.
पेन्शनीतून हे घर घेतलं, चोंचीच्या चढावर.
मागच्या मालकानं विकताना नुसती किल्ली दिली;
वारसा-यादीतला नंबर नंतर पोस्टानं आला.

एदेल्मीरा म्हणाली, पत्रा ठोकू या.
पत्र्याला मनाई.
म्हणाली, निदान न्हाणीला मोठी खिडकी.
खिडकीला मनाई.
मग ती काही म्हणाली नाही.
बटाटे सोलत बसली, आणि सालं
जरा जोरातच पडली बादलीत.

सुतार एलिओदोरो नाउएलकीन
आठवडाभर घराभोवती नुसता फिरला,
मधूनमधून भिंतीला कान लावून.
मग एक खवला उपटला,
पावसानं राखेच्या रंगाचा झालेला, कडा मऊ,
आणि उलटा केला.

आतून तांबडा!
नव्वद वर्षं भिंतीकडे तोंड करून राहिलेला,
काल चिरल्यासारखा. वाससुद्धा होता.
"नवं लाकूड कशाला," तो म्हणाला,
"यांची तर अजून अर्धीच नोकरी झालीय."

अकराशे चाळीस खवले आम्ही उलटे केले.
जे हातातच मोडले, त्यांच्या जागी
डोंगरावरच्या जळक्या बुंध्यांतून काढलेले.
मेलेल्या झाडाला परवाना मिळतो,
तीन प्रतींत.

खालचे खुंट मात्र कुजले होते.
ट्रकचे चार जॅक लावले,
केसाकेसानं घर उचललं.
साठ सालच्या भूकंपानं ते समुद्राकडे कलंडलं होतं
ते आम्ही सरळ केलं. पाणसळीचा बुडबुडा
मधोमध येऊन थांबला तेव्हा
मी टोपी काढली.

रात्री एकही दार लागेना.
स्वयंपाकघराचं अडलं, माडीचं घासलं,
कपाटाचं तर आपोआप उघडून
आमच्याकडे बघत राहिलं.
वारा आत, धूर आत, एदेल्मीरा कोट घालून अंथरुणात.

एलिओदोरोनं सकाळी दारांच्या कडांवरून अंगठा फिरवला.
कुणीतरी रंधा मारला होता, तिरका.
त्यावर दुसऱ्या कुणीतरी, पुन्हा कुणीतरी.
घर कललं, तशी माणसं
एकेक दार त्या कलण्याला शिकवत गेली होती.
आम्ही भूकंप काढून टाकला,
दारांना ते कुणी सांगितलंच नाही.

दारांना रंधा मारायला मनाई. (कलम शोधलं मी. आहे.)

तर संध्याकाळी, दिवा न लावता,
जॅक खाली घेतला.
एक बोट.
थांबलो.
आणखी एक.
आत कुठंतरी लाकूड करकरलं,
आणि कपाटाचं दार
कुणी न ढकलता लागलं.

कास्त्रोहून हिमेना उर्रेहोलाबाई आल्या तपासणीला,
फाइल, बूट चिखलात.
पाणसळ जमिनीवर ठेवली.
बुडबुडा समुद्राकडे पळाला.
माझ्या घशाला कोरड.
नकाशात रेघ सरळ होती, साठच्या आधीची.

बाईंनी काही विचारलं नाही.
उठून स्वयंपाकघराचं दार लावलं, उघडलं,
पुन्हा लावलं. खिट्टीचा आवाज ऐकत राहिल्या.
तेवढ्यात एदेल्मीराच्या टोपलीतून
एक जांभळा बटाटा निसटला,
चुलीपासून घरंगळत
खिडकीखालच्या कोपऱ्यात जाऊन थांबला.
तिथली फळी झिजून खोलगट झालेली.
किती वर्षांचे बटाटे तिथं थांबले असतील.

बाईंनी वाकून तो उचलला, पुसला,
टोपलीत ठेवला.
फाइलमध्ये लिहिलं: जमीन, आहे तशी.

न्हाणीच्या खिडकीबद्दल
एदेल्मीरानं पुन्हा विचारलं.
नाही म्हणाल्या.