भिडेचा

अक्कलकोट रोड, शेड नऊ.
जुना सर्वो ड्राइव्ह उतरवला
तेव्हा पंख्यातून ओंजळभर लव निघाली,
एकोणीस वर्षांच्या टॉवेलांची.
गुलाबी जास्त.

नवा तळहाताएवढा.
पुण्याचा पोरगा लॅपटॉप उघडून म्हणाला,
"जुनी सेटिंगं नकोत, हा आपणहून शिकतो."
नरसय्या गुंडेटींनी वही मिटली नाही:
'पॅरामीटर सत्तेचाळीस. उन्हाळ्यात दोनने कमी.'

माग धडधडला.
तिसऱ्या मिनिटाला थांबला.
पडद्यावर लाल अक्षरं.

"काय म्हणायलाय?"
"लोड जास्त आहे म्हणतोय, काका."

"खरं बोलायलाय.
बेअरिंग कधीचं गेलंय.
जुना भिडेचा होता, गप ओढायचा.
मीच त्याला
दर चैत्रात दोन घर खाली उतरवून
गप बसवायचो."

वही खिशात गेली.
पान्हा मागितला त्यांनी,
बावीसचा.