कोपरापासून वीतभर

डुलुथच्या आमच्या शाखेत दाराजवळ फलक आहे,
लॅमिनेट केलेला, वरचा कोपरा उचकटलेला.
दर सोमवारी मीच तो चिकटपट्टीनं दाबते.
नियम एकूण सतरा.
नववा तोंडपाठ आहे, कारण रोज लागतो:
झोपू नये.

झोपलेल्याला हात लावायचा नाही, असं शिकवलंय.
टेबलावर दोन बोटांनी टकटक करायची,
त्याच्या कोपरापासून वीतभर लांब.
पहिल्या वर्षी मी दार ठोठावावं तशी करायचे,
आता कलिंगड पिकलंय का बघावं तशी.

बाहेर उणे वीस. सरोवर दगड झालेलं.
आत ओल्या कोटांचा वास, बुटांवरचं मीठ फरशीवर,
आणि रेडिएटरजवळची ती खुर्ची,
जिच्यासाठी नियम नाही, पण रांग आहे.

मोठी पिशवी नको. मोठी म्हणजे किती,
हे मोजायला एक खोकं ठेवलंय.
एका बाईनं सगळं घर त्यात दाबून बसवलं
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मीच मुकाट्यानं म्हणाले, बसली.

इंटरनेट साठ मिनिटं, कार्डामागे दिवसातून एकदा.
पाच मिनिटं उरली की पिवळी चौकट येते,
मग पडदा निळा होतो आणि यंत्र सगळं विसरतं:
कोण बसलं, काय शोधलं, कुणाला काय लिहिलं.
याला खाजगीपणा म्हणतात.
मला शाळेतली पाटी आठवते, थुंकीनं पुसलेली.

ऑर्विल हॉगेन मंगळवारी येतो.
खनिजाच्या धक्क्यावर चाळीस वर्षं होता,
उजव्या हाताची तीन बोटं तिथेच राहिली.
डाव्या तर्जनीनं लिहितो,
तांदळातले खडे वेचावेत तसं एकेक अक्षर.
मुलीला पत्र. ती टॅकोमाला असते, अकरा वर्षं बोललेली नाही.
हे त्यानं सांगितलं. मी पडद्याकडे बघत नाही,
तो नियम बारा, आमच्यासाठी.
पिवळी चौकट आली की घाई करतो, चुकतो,
चुकलेलं खोडतो,
आणि निळं होतं.
पुढच्या मंगळवारी पुन्हा "प्रिय कर्स्टन"पासून.

मी त्याला मसुदा जपून ठेवायला शिकवलं.
त्यानं मान डोलावली.
पुढच्या वेळी मसुदा सापडेना. पासवर्डही.

"तूच टाइप कर ना."
दाखवता येतं, करून देता येत नाही.
हे फलकावर नाही, पण आहे.

सातव्या मंगळवारी सव्वाबाराला मी बिल्ला काढला,
डबा फ्रिजमध्येच राहू दिला,
स्वतःचं कार्ड घेऊन रांगेत उभी राहिले. चौथी.
एका यंत्रावर दोघं बसू शकतात, नियम चौदा.
म्हटलं, सांगा.

आवाज मोठा होता. कमी ऐकू येतं त्याला.
बर्फाबद्दल बोलला, ट्रकच्या बॅटरीबद्दल,
शेजाऱ्याच्या मेलेल्या कुत्र्याबद्दल तर फारच.
काठाकाठानं चालत होता, पाण्याला पाय लावत नव्हता.
मी टाइप करत राहिले.
पिवळी चौकट आली.
तेव्हा तो थांबला, आणि हळू,
नियमात बसेल इतक्या हळू म्हणाला,
"लिही. त्या रात्री कडी मीच आतून लावली होती."

लिहिलं. कुठली कडी, विचारलं नाही.
"पाठवू?"
तो पडद्याकडे बघत राहिला.
तीन मिनिटं. दोन.
मागे पुढच्या नंबरची मुलगी, व्हिसाचे कागद छातीशी धरून,
घसा साफ करत होती.
मी टेबलावर दोन बोटांनी टकटक केली,
त्याच्या कोपरापासून वीतभर लांब.

बटण त्यानंच दाबलं.
कुठलं, ते मी पाहिलं नाही.

पावणेदोनला बिल्ला लावला, उशीर वहीत नोंदवला.
रेडिएटरजवळच्या खुर्चीत कुणीतरी झोपलं होतं,
तोंड उघडं, एक मोजा वाळत घातलेला.
मी आधी चिकटपट्टी शोधायला गेले.